चौथ्या उंबऱ्यावरची मांजर

एक होता राजा. असू दे तिकडे. त्याचं ह्या गोष्टीत एवढ्यात काही काम नाही. तो लोडाला टेकून बसलाय, विड्याला चुना लावतोय. लागला की हाक मारू.

गोष्ट आहे एका मांजरीची. आणि मांजर म्हटल्याबरोबर खुदखुदू नका, बरं का. ही गोष्ट रडकी आहे. हसायचंच असेल तर पांघरूण तोंडावर घेऊन हसा. मंदे, तुझे पाय आधी माझ्या अंगावरून काढ. हं.

तर त्या राजाच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, एक गाव होतं. गावाला रस्ता एकच. रस्त्याच्या वरच्या टोकाला पाटलाचं घर. मग जोशीबुवांचं. मग तेल्याचं, घाण्यासकट. आणि अगदी शेवटी, रस्ता जिथे नदीकडे उतरतो तिथे, कोंडाई बुरडिणीचं खोपट. त्याच्यापुढे घर नाही. पुढे नुसती नदी, आणि नदीकाठी एक करंजाचं झाड. तान्ही पोरं गेली की गाव ती त्या झाडाखाली पुरायचं. त्या झाडाखाली सावली फार गार, पण बसायला कुणी जात नसे.

कोंडाई बांबूच्या कामट्या काढायची आणि सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायची. गावात कुणाकडेही बाळ जन्मलं की पहिलं कोंडाईच्या सुपात निजवायचं, अशी रीत. सूप कोंडाईचं, नशीब ज्याचं त्याचं. गावची सगळी पोरं तिच्या सुपात निजून मोठी झाली, मिशा फुटून तिच्याशीच सुपाच्या किमतीवरून भांडायला लागली. फक्त तिच्या स्वतःच्या घरची दोन तेवढी मोठी झाली नाहीत.

तिची सून मैना. मैनेला पहिलं बाळ झालं, ते सहाव्या दिवशी गेलं. दुसरं झालं, तेही सहाव्याच दिवशी गेलं. दोन्ही वेळेला त्याच एका दुपट्यात गुंडाळून करंजाखाली नेलं. दुपटं तेवढं परत आलं. कोंडाईनं ते धुतलं, घडी घातली आणि टोपलीच्या तळाशी ठेवून दिलं. टाकवेना, आणि वापरवेना.

सहाव्या दिवशीच का, ठाऊक आहे ना? सहाव्या दिवशी सटवाई येते. कानावर बोरूची लेखणी, बोटं काजळानं काळी. बाळाच्या कपाळावर लिहून जाते, कोण किती जगणार, कुणाच्या वाट्याला काय येणार. एकदा लिहिलं की लिहिलं. देवाच्या बापालाही पुसता येत नाही. आणि येते कशावर बसून? आता नाही सांगत. ज्याला ठाऊक असेल त्यानं गप्प बसावं, शहाणपणा करू नये.

मग काय झालं, मैनेला तिसऱ्यांदा दिवस गेले. तिचा नवरा चंदर, त्याला राजाच्या माणसांनी किल्ल्याचे दगड वाहायला धरून नेलेलं. घरात बाया दोनच. कोंडाई नव्या बाळासाठी पाळणा विणायला बसली. कामट्या अशा बारीक काढल्या, अशा घासल्या, की गालावर फिरवली तरी ओरखडा उठू नये. विणायची आणि मनात म्हणायची, कशाला विणतेस गं म्हातारे? सहा दिवसांना पाळणा कशाला लागतो?

ज्या सकाळी मैनेच्या पोटात कळा सुरू झाल्या, त्याच सकाळी पाटील बैलगाडी जुंपून मुलाची सोयरीक बघायला निघाला. डोक्याला फेटा, मिशीला तूप. गाडी दारातून निघाली, आणि बघतो तर काय, रस्त्याच्या कडेला एक मांजर! राखाडी रंगाची, शेपूट उभी, आता रस्ता ओलांडणार इतक्यात.

आता तुम्ही-आम्ही असतो तर थांबलो असतो. चार पावलं मागं गेलो असतो, थुंकलो असतो, झालं. पण पाटील म्हणजे पाटील! तो ओरडला, "हाण रे! ती आडवी जायच्या आत आपणच तिला आडवं जाऊ. हाण!"

गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिरगळल्या. बैल उधळले. मांजर घाबरून मागं वळायच्या ऐवजी पुढं आली. चाक तिच्या पुढच्या डाव्या पायावरून गेलं.

"मेली का?" पाटलानं विचारलं. मागं वळून बघितलं नाही, बरं का.

"न्हाई जी. धुगधुगी हाय."

"मग चल पुढं."

मांजर तीन पायांवर सरपटत सरपटत जवळच्या उंबऱ्यावर जाऊन पडली. तो उंबरा पाटलाचाच. पाटलीण बाहेर आली, बघते तर मांजर, आणि उंबऱ्यावर रक्त. तिनं जोशीबुवांना बोलावणं धाडलं. बुवा आले. मांजरीकडे लांबून बघितलं. पंचांग बघितलं नाही, स्वयंपाकघराकडे मात्र बघितलं. मग म्हणाले,

"मांजर मेली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते. त्याशिवाय पाप फिटत नाही."

"अगं बाई! पण पाप कुणाचं, बुवा? गाडीवाल्याचं ना?"

"शास्त्र गाडी बघत नाही, पाटलीणबाई. शास्त्र जागा बघतं. जिच्या उंबऱ्यावर जीव सोडील, तिच्या घराला पाप."

एवढं बोलून बुवा सुपारी कातरत घरी गेले. पाय धुतले, पाठ टेकली, उठून दार उघडलं, तर मांजर त्यांच्याच उंबऱ्यावर! पाटलिणीनं सुपात घालून आणून ठेवली होती. आता बोला शास्त्र!

बुवांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मागच्या दारातून एक फळी आणली, मांजरीला फळीवर ओढलं, आणि मंत्र पुटपुटत तेल्याच्या दारात नेऊन ठेवली. तेलीण घाण्याकडून घाम पुसत आली.

"अगं माझ्या कर्मा! घाण्याचा बैल आधीच आंधळा, त्यात हे आणखी कुणी आणून ठेवलं?"

तिनं पेंडीची पाटी घेतली, मांजरीला खराट्यानं पाटीत लोटलं आणि कोंडाईच्या उंबऱ्यावर पाटी उपडी करून धूम ठोकली.

तीन घरं झाली. चौथं घर कोंडाईचं.

त्याच वेळेला आत मैना सुटली. मुलगी झाली. कोंडाई पाणी टाकायला बाहेर आली, तर पायाशी हे. अर्धमेलं, धुळीनं माखलेलं, एक पाय असा लोंबतोय जसा झाडावरून मोडलेला डहाळा. कोंडाईनं वर रस्त्याकडे बघितलं. तिन्ही घरांची दारं बंद. आणि तिन्ही दारांना एकेक फट, आणि फटीत एकेक डोळा.

"अगं, सोन्याची झेपत न्हाई तर पितळेची तरी द्या की काशीला!" कोंडाई ओरडली. फटी पटापट मिटल्या.

मग ती मांजरीकडे बघत उभी राहिली. आणखी पुढं सरकवावी म्हटलं, तर पुढं नदी. नदीला काही उंबरा नसतो. तिथं नेऊन ठेवलं तर कुणाच्याच घराला पाप नव्हतं. पण तिनं नदीकडे बघितलं की करंज दिसायचा. कोंडाईनं तोंड फिरवलं, खाली वाकली आणि मांजर पदरात घेतली.

आता खरं सांगायचं तर कोंडाईला वैद्यकी येत नव्हती. मोडलेली टोपली कामटीनं बांधायची, एवढीच तिला विद्या. तिनं अर्ध्या विणलेल्या पाळण्यातून चार बारीक कामट्या ओढून काढल्या. परसात हाडसांधीचा वेल होता, तो ठेचला, त्यात हळद घातली, पायावर लेप दिला. चारी बाजूंनी कामट्या लावल्या. आणि बांधायला चिंधी शोधायला लागली. मैनेच्या बाळंतपणात घरातली चिंधी न् चिंधी संपलेली. मग तिनं टोपलीच्या तळाशी हात घातला. दुपट्याची घडी काढली. थोडा वेळ नाकाशी धरली. आणि टर्रकन फाडली.

मैना आतून म्हणाली, "आत्याबाई, काय फाडलं?"

"काही न्हाई. झोप तू."

मांजर दूध पिईना. तोंडच उघडेना. तेव्हा कोंडाईनं शेळीचं दूध घेतलं, कापसाचा बोळा केला आणि थेंब थेंब तोंडात पिळला. शेळी एक, दूध वाटीभर. तेही मैनेच्या वाट्याचं.

"आत्याबाई, बाळंतिणीच्या खोलीत मांजर आणता? माझ्या लेकीवर डोळा ठेवील ती."

"डोळा ठेवायला आधी तिला उघडता तरी येऊ दे."

मैना कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजली. तिच्या बाजेखाली शेकाची शेगडी. कोंडाईनं मांजरीची टोपली शेगडीच्या ह्या बाजूला ठेवली. बाजेवर एक जीव, बाजेखाली एक जीव, दोन्ही चिमूटभर. म्हातारी मधे बसून आळीपाळीनं दोन्हींच्या नाकाशी बोट धरून बघायची.

आणि मांजरीशी काय बोलायची? गोड गोड? छे! "मर की एकदाची. तुझ्या निमित्तानं मला काशी तरी बघायला मिळंल. राजा देईल सोनं, त्याचा एक दात काढला तरी भागंल. मरत का न्हाईस? आळशी कुठली!" अशा शिव्या द्यायची आणि बोळा पिळायची. मांजरीचे पाय गार पडले, तिनं शेगडीवर हात तापवून पाय चोळले. मांजरीला ताप भरला, तिनं ओलं फडकं फिरवलं. मांजरीनं लेप चाटून टाकला, तिनं परत लावला आणि तिच्या नाकावर टिचकी मारली.

असं करता करता सहावा दिवस आला.

संध्याकाळी पाटावर कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली, काजळाची डबी ठेवली, दिवा लावला. रीत म्हणून. मग कोंडाई उंबऱ्यावर जाऊन बसली. मांडीवर बांबू तोडायचा कोयता. सटवाईवर कोयता उगारणार होती म्हातारी! हसा, हसा. पण मैना आत हसत नव्हती. ती बाळाला पोटाशी इतकी घट्ट धरून बसलेली, की बाळाच्या अंगावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले.

आणि आलं कुणी नाही.

सकाळ झाली. दिव्यातलं तेल संपलं. कागद कोरा. बाळाचा श्वास चालू. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मैनेला रडू फुटलं, कोंडाईला हसू फुटलं, मग अदलाबदल झाली. चुकली गं सटवाई! आपलं घर चुकली!

पण थांबा. एवढ्यात कूस बदलू नका.

बाळ दूध पीत होतं. डोळे उघडत होतं. पण रडत नव्हतं. मुठी वळेना, ओठ काढेना. तान्ही बाळं झोपेत गालातल्या गालात हसतात ना? ते त्यांना सटवाई हसवते. हे बाळ झोपेतही हसेना. दिवस गेले. बाळ नुसतं पडून. लाकडाची बाहुली जशी. मैनेनं टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली. शेवटी मांडीला चिमटा काढला, आणि स्वतःच रडली. बाळ छताकडे बघत राहिलं.

आता राजाला हाक मारा. कारण राजाकडेही तेच झालं होतं. राणीला मुलगा झालेला, तोही सोन्याच्या पाळण्यात तसाच, ना हसणं ना रडणं. राजानं ढोल वाजवून बघितले. विदूषक नाचवून बघितले. मग स्वतः घोडा घोडा करून बघितलं, मुकुट घरंगळत पलंगाखाली गेला. पोरगं ढिम्म. सगळ्या राज्यात त्या महिन्यात जेवढी बाळं जन्मली, तेवढ्या सगळ्या घरांत ही अशी गच्च शांतता. पोरांच्या रडण्यानं वैतागलेली म्हातारी माणसं आता रात्र रात्र कान लावून बसायची, कुठून तरी एक टाहो ऐकू यावा म्हणून.

ह्या गावात मात्र कारण चटकन सापडलं. गावाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

पाटलीण, जोशीबुवा आणि तेलीण कोंडाईच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. आत कुणी येईना.

"कोंडे, मांजरीनं पोरीचा आवाज ओढला," बुवा म्हणाले.

"आणि तुझ्या पोरीवरनं सगळ्या गावाला लागलं," तेलीण म्हणाली. "माझ्या लेकीचं बाळ बघ जा, शिळ्या पिठाच्या गोळ्यासारखं पडलंय."

"घालव तिला," पाटलीण म्हणाली.

"घालवू?" कोंडाई म्हणाली. "कुठल्या दारात ठेवू, सांगा. तुमच्या, तुमच्या, का तुमच्या?"

तिघांनी आपापल्या दाराकडे बघितलं. पण आतून मैना आली. बाळंतीण बाई, भिंतीला धरून धरून आली, आणि सासूच्या पायाशी बसली.

"आत्याबाई, पहिलं गेलं तेव्हा मी काही बोलले न्हाई. दुसरं गेलं तेव्हाबी न्हाई. माझ्या वाटचं दूध तिला पाजलंत, मी गिळून घेतलं. आता बोलते. तिला नदीत सोडून या."

  कोंडाईनं मांजरीची टोपली उचलली, डोक्यावर घेतली आणि उतार उतरायला लागली. भर दुपार. ऊन असं, की सावल्याही पायाखाली लपून बसलेल्या.

नदीकाठी आली. टोपली पाण्याशी ठेवली. मांजर आता बरीच सावरली होती. पायाला कामट्या, त्यावर चिंध्या. तिनं टोपलीच्या काठावर बांधलेला पाय ठेवला आणि कोंडाईकडे बघत जांभई दिली. निर्लज्ज!

कोंडाईनं टोपलीला हात घातला. लोटायचीच होती. पण हाताखाली ती चिंधी आली. दुपट्याची किनार. लाल दोऱ्याची, तिनंच शिवलेली.

"ह्याच कापडात दोन आणली इथं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "तिसरं न्हाई आणायची. मैना घरातनं हाकलू दे मला. तुला घेऊन करंजाखाली राहीन. पण न्हाई."

आणि टोपली परत डोक्यावर घेऊन वळली, तर करंजाच्या सावलीत कुणीतरी बसलेलं.

एक म्हातारी. केस पिंजारलेले, पायाला फोड आलेले, लुगडं धुळीनं भरलेलं. पाय चोळत बसली होती आणि कण्हत होती.

"बाई, पाणी दे गं घोटभर. आणि एक सांग, माझी मांजर दिसली का कुठं? राखाडी हाय. अंगानं बारीक, पण गुणानं लबाड."

कोंडाई नदीवर जाऊन ओंजळीत पाणी घेऊन आली. म्हातारीनं तोंड पुढं केलं, तेव्हा कोंडाईला दिसलं. कानावर लेखणी. बोटं काजळानं काळी.

कळलं का आता, सटवाई कशावर बसून येते ते? हं! मांजरीवर बसली की एका रात्रीत सगळं राज्य पालथं घालायची. मांजर हरवली, तेव्हापासून बिचारी पायी. एक गाव करायला चार दिवस. रात्रीची देवी, आणि भर उन्हात पाय भाजत हिंडत होती.

कोंडाईनं ओंजळ मागं घेतली नाही. पिऊ दिलं. मग म्हणाली, "दोनदा आलीस माझ्या घरी. तेव्हा न्हाई पाणी मागितलंस. दोनदा काय लिहून गेलीस? बोल!"

सटवाईनं तोंड पुसलं. "मला काय ठाऊक?"

"म्हणजे? लिहिलंस तू ना?"

"लिहिलं मीच. हात जातो तसं लिहिते. लिहिता येतं गं मला. वाचता येत न्हाई."

घ्या! सगळ्या जगाचं नशीब लिहिणारी, आणि शिक्षण असं अर्धवट! कोंडाई धपकन खाली बसली. इतकी वर्षं जिच्यावर दात खाल्ले, कोयता परजला, ती ही अशी. फोड आलेल्या पायांची, स्वतःचं अक्षर न कळणारी. रागवायचं तरी कुणावर?

दोघी म्हाताऱ्या करंजाखाली बराच वेळ बसल्या. मातीकडे बघत. 

मग टोपलीतून आवाज आला. म्याँव.

सटवाई ताडकन उठली. कोंडाईनं टोपलीवर हात दाबला. "आधी माझ्या नातीचं लिही. लांब लिही. पल्ला मोजायला माणूस ठेवावा लागंल इतकं लांब. मग मांजर."

"आता कसं लिहू? माझा हक्क सहाव्या दिवसाचा. तो टळला. आता माझी लेखणी तिच्या कपाळावर उठायची न्हाई. कपाळ कोरं राहिलं, म्हणून तर पोर ना हसं ना रडं. काय मिळणार न्हाई तर हसायचं कशाला, काय जाणार न्हाई तर रडायचं कशाला?" मग तिनं टोपलीत डोकावून बघितलं. कामट्या बघितल्या, चिंध्या बघितल्या. चिंध्यांवरची लाल किनार तिला ओळखीची वाटली असावी, कारण तिनं मान खाली घातली. "लेखणी तुझ्या हातात देते, कोंडे. तू लिही. तुझ्या हातचं उठंल."

दोघी घरी आल्या. मैनेनं सासूच्या डोक्यावर टोपली परत आलेली बघितली आणि तिचं तोंड पडलं. मग तिनं मागची म्हातारी बघितली, तिच्या कानाकडे बघितलं, आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"भिऊ नको," कोंडाई म्हणाली. "हिला आपल्या पोरीवर काही लिहिता येत न्हाई. मला लिहायचंय."

"तुम्हाला? पण आत्याबाई, तुम्हाला तर..."

हो ना! कोंडाईनं जन्मात अक्षर गिरवलं नव्हतं. लेखणी तिनं कोयत्यासारखी मुठीत धरली. काजळात बुडवली. हात बाळाच्या कपाळापर्यंत गेला, आणि तिथंच अडला. काय काढायचं? रेघ? रेघ आखूड झाली तर? वाकडी झाली तर?

रस्त्यावर तोवर गाव गोळा झालेलं. जोशीबुवा तिथूनच ओरडले, "थांब! मी लिहितो! मोत्यासारखं अक्षर आहे माझं!"

"बुवा, तुम्ही तुमची फळी घेऊन घरी जा," कोंडाई म्हणाली.

पण बोलणं सोपं. लेखणीवरून काजळ ठिबकायला लागलं. तेवढ्यात मांजर टोपलीतून उतरली आणि लंगडत, खुरडत येऊन कोंडाईच्या मांडीला अंग घासायला लागली. कोंडाईनं तिच्याकडे बघितलं. चाकाखाली सापडली. तीन उंबऱ्यांवरून लोटली गेली. नदीच्या पाण्यापर्यंत जाऊन आली. आणि आता बघा, हिला दूध पाहिजे.

कोंडाईनं लेखणी खाली ठेवली. मांजर उचलली. बांधलेल्या पायाचा पंजा काजळाच्या डबीत दाबला.

"मैना," ती म्हणाली, "माझ्याकडं लिहायला एवढंच हाय. लावू का? तू न्हाई म्हणलीस तर न्हाई."

मैनेनं मांजरीकडे बघितलं. चिंधीची लाल किनार तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितली. टर्रकन काय फाडलं होतं, ते तिला आत्ता कळलं.  तिनं पदर बाजूला केला आणि बाळाला दोन्ही हातांनी पुढं धरलं.

कोंडाईनं मांजरीचा पंजा बाळाच्या कपाळावर टेकवला. पाय मोडका, त्यामुळे पंजा पुरता उमटलाच नाही. एक काळा ठिपका तेवढा उठला. तोही थोडा बाजूला, वाकडा.



मग बाळाचा खालचा ओठ बाहेर आला. थरथरला. आणि बाळानं असा टाहो फोडला, असा टाहो फोडला, की तेल्याचा आंधळा बैल घाणा सोडून पळाला! मैना रडायला लागली. कोंडाई म्हणाली, "रड, माझ्या बाई, रड. मोठ्यानं रड. तुला पुष्कळ रडायचंय अजून." आणि हसत सुटली.

मग काय! तेलीण नातवाला घेऊन धावली. पाटलाच्या घरचं आलं. दुसऱ्या गावांची आली. राजाचा मुलगा पालखीतून आला. राजाला तेलिणीच्या मागं रांगेत उभं केलं, बरं का, आणि पुढं घुसला तर तेलिणीनं खराटा दाखवला. सगळ्यांच्या कपाळांना ठिपके लागले. सगळ्या राज्यात एकच रडारड. लोक म्हणाले, अहाहा, काय सुख! राजाचा मुलगा रडला तेव्हा राजाला इतका आनंद झाला, की त्यानं किल्ल्यावरची सगळी माणसं सोडून दिली. चंदर घरी आला, आणि अर्धा राहिलेला पाळणा त्यानं पुरा केला. पाटलाच्या मुलाची सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच. मुलीच्या आईनं गाडीचं चाक बघितलं होतं.

मांजरीचा पाय जुळला. थोडा वाकडा जुळला. सटवाई तिला न्यायला आली तेव्हा कोंडाईनं मांजरीला मांडीवर घेतलं, कामट्या सोडल्या, आणि म्हणाली, "जा बाई. काशी राहिली माझी तुझ्यापायी." मांजरीनं तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि निघून गेली. मांजरच ती.

करंजाखालची दोन परत आली नाहीत. गोष्टीतसुद्धा सगळं परत येत नाही, पोरांनो. पण कोंडाई त्या झाडाच्या सावलीत जाऊन बसायला लागली. तिथंच बसून सुपं विणायची. मैनाही यायची, मांडीवर पोरीला घेऊन.

सटवाई तेव्हापासून परत लिहिते आहे, हात जाईल तसं. वाचायला अजून शिकलेली नाही. म्हणून बाळाला तीट लावतात. तिनं काहीही लिहिलेलं असू दे, वर एक काळा ठिपका आपल्या हातचा. मांजर कितीही वरनं पडली तरी पायांवर उतरते ना, तसं पोर उतरावं म्हणून. आणि तीट वाकडीच लागते, लक्षात ठेवा. सरळ लावणाऱ्याला काही कळत नाही.

आणि मांजर आडवी जाताना दिसली की थांबायचं. अपशकुन म्हणून नाही, वेड्यांनो! तिचा पाय अजून लंगडतो. तिला रस्ता ओलांडायला वेळ लागतो. तिला जाऊ द्यायचं, मग आपण जायचं.

झालं. कोंडाईची नात मोठी झाली, पोटभर हसली, पोटभर रडली, म्हातारी होऊन दात पडेपर्यंत जगली. तिकडं राजा निजला, मुकुट उशाला घेऊन. पाटील निजला, मिशीचं तूप उशीला पुसून. मांजर निजली, पाय पोटाशी घेऊन. आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या. मंदे, तू तर आधीच घोरायला लागलीस. आणि कुणी मधेच उठून दूध मागितलं, तर बोळ्यानं पाजीन.